केशव झाडेचा नंबर

मयुराचं दुखणं उठलं की झाड्यांच्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे. नागपूरजवळच्या वाडीला, अमरावती रोडच्या मागच्या गल्लीत त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. बाहेर ट्रकांची घरघर दिवसभर चालूच. आत हर्षा पोरीचे पाय शेकत बसलेली आणि केशव पाण्याचा गडू घेऊन दारात उभा. पाणी पाजण्यापलीकडे त्याला काही सुचत नसे, आणि पोरगी विव्हळायला लागली की तो गडू खाली ठेवून उगाच गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचा.

मयुराला सिकलसेल होता. रांगायला लागली तेव्हा तिचे हातपाय सुजले, तिथून कळलं. आईबाप दोघांच्याही रक्तात अर्धा अर्धा दोष होता आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. पोरीत तो पुरा उतरला. अशा रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि अडकतील तिथे हाडं फुटल्यासारखं दुखतं. थंडी तिची वैरी, वैशाखातलं ऊन वैरी, ताप तर सगळ्यांत मोठा वैरी.

पोरगी शाळेत जायला लागल्यावर सरकारी दवाखान्यानं तिला रोजची एक गोळी सुरू केली. तेव्हापासून दुखणं खूपच उतरलं. हवा पालटली की भरती व्हायचं, हे जे ठरलेलं होतं, ते जवळजवळ थांबलं. दर महिन्याला हर्षा तिला घेऊन जायची, रक्त तपासून गोळ्या आणायची. केशव एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंग क्लार्क होता. गाडी लागली की नग मोजून घ्यायचे आणि बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाडायची, हे त्याचं काम. रजा मिळत नसे. त्यामुळे दवाखाना हर्षाकडे आणि काळजी केशवकडे, अशी वाटणी आपोआप झाली होती. रोज सकाळी तो मयुराला उजेडात उभी करायचा, पापणी खाली ओढून डोळे पिवळे दिसतात का पाहायचा. पोरगी आता तेरा वर्षांची झाली होती, वैतागायची. पण उभी राहायची.

एका दुपारी गाडी उशिरा येणार होती म्हणून तो गोदामातल्या बाकड्यावर फोन पाहत बसला होता. त्यात एक रील आलं. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, मागे पुस्तकांचं कपाट. तो माणूस हिंदीमिश्रित मराठीत अगदी घरच्यासारखा बोलत होता. सिकलसेलच्या लेकरांना जी गोळी देतात ती मुळात कॅन्सरची आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं का, असं त्यानं विचारलं. तुमच्या लेकराची नखं काळी पडत असतील तर समजा, विष अंगात भिनतंय. मुलगी असेल तर पुढे मूल होण्याचंही सांगता येत नाही.

केशवनं गोळीचं नाव टाकून स्वतः शोधलं. कॅन्सरवरचं औषध, असंच तिथेही लिहिलं होतं. संध्याकाळी घरी आल्या आल्या त्यानं मयुराचा हात धरून ट्यूबलाइटखाली नेला. नखांवर खरोखरच काळसर उभ्या रेघा होत्या. त्यानं त्या आजवर कधी पाहिल्याच नव्हत्या.

त्या दिवसानंतर फोन उघडला की तेच. कधी तो कोटवाला, कधी कोणी रडणारी आई, कधी नुसती काळ्या नखांची चित्रं. जितकं पाहावं तितकं आणखी यायचं. केशवचं जेवण कमी झालं. नग मोजताना चुका व्हायला लागल्या. त्यानं हर्षाला सगळं दाखवलं.

हर्षानं ते दोनदा पाहिलं आणि डॉक्टरला विचारू या म्हणाली. केशवला ते नको होतं. एकदा, फार मागे, तो मयुराबरोबर गेला असताना त्यानं गोळीबद्दल काही विचारलं होतं, तेव्हा गर्दीत घाईला आलेला एक शिकाऊ डॉक्टर म्हणाला होता की गुगल करून येत नका जाऊ. रांगेतले लोक हसले होते. ते हसणं त्याच्या मनातून गेलं नव्हतं.

"बिल्टी नसली तर तुमी एक नग सोडत नाई," हर्षा म्हणाली. "अन् ह्या माणसाचं नाव तरी माहीत आहे का तुमाले? कुठचा आहे, काय शिकला आहे?"

"लाखो लोक पाहून राहिले त्याले. सगळे येडे आहेत का?" केशव म्हणाला. "अन् नखं तर तुह्या डोळ्यासमोर आहेत ना वं."

हर्षानं पोरीची नखं पुन्हा एकदा पाहिली. मूल होण्याचं ते वाक्य तिच्याही काळजात रुतलं होतं, पण पोरीच्या देखत ते कसं काढणार. दिवाळीपर्यंत पाहू, असं शेवटी ठरलं. गोळी बंद झाली, महिन्याची फेरी बंद झाली आणि रीलखालच्या नंबरवर कोटवाल्याच्या माणसाशी बोलून मागवलेलं चूर्ण कुरिअरनं घरी आलं.

पुढचे आठवडे केशवच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. मयुरा छान जेवायला लागली. एकदाही दुखलं नाही. नखांच्या मुळाशी गुलाबी रंग दिसू लागला. शाळेच्या कार्यक्रमात ती नाचली, आणि पूर्वी जिला धावायचीही भीती, ती पोरगी मंचावर गिरकी घेताना पाहून केशवचे डोळे भरून आले. त्यानं तो नाच कोटवाल्याच्या माणसाला पाठवला. लगेच फोन आला. तो माणूस गोड बोलला. तुमचं ऐकून दुसऱ्या लेकरांचं भलं होईल, पुण्य लागेल, एक व्हिडिओ करा आणि शेवटी तुमचा नंबर सांगा म्हणजे लोकांची शंका उरणार नाही.

केशवनं इस्त्रीचा शर्ट घातला, मयुराला बाजूला उभं केलं आणि बोलला. कॅन्सरची गोळी बंद केली, चूर्ण दिलं, आज माझी मुलगी नाचते. ज्याला खात्री करायची असेल त्यानं मला फोन करावा. आणि नंबर सांगितला.

तो व्हिडिओ वणव्यासारखा पसरला. मयुराचा नाच त्याला जोडलेला होता. गोदामात हमाल, ड्रायव्हर सगळे त्याला ओळखायला लागले. आणि फोन सुरू झाले. गोंदिया, गडचिरोली, तिकडे राजनांदगाव, बैतूल. सगळे घाबरलेले आईबाप, आजेआजी. जन्मभर केशवनं लोकांना विचारलं होतं, आता लोक त्याला विचारत होते. तो प्रत्येकाशी धीरानं बोलायचा. गोळी कशी बंद केली, चूर्ण कशाबरोबर दिलं, सगळं सांगायचा. बिल्टी फाडता फाडता फोन कानाशी धरलेला असे. हर्षा एकदा म्हणाली की दुसऱ्याच्या लेकराचं आपण काहून सांगावं. त्यानं ते हसण्यावारी नेलं.

दिवाळी गेली, थंडी पडली. एका सकाळी मयुरा उठलीच नाही. पाठ दुखते म्हणाली. केशवनं कोटवाल्याच्या माणसाला फोन लावला. रोग बाहेर पडतो आहे, चूर्ण दुप्पट करा, गोळी अजिबात देऊ नका, असं तो म्हणाला. केशवनं चूर्ण दुप्पट केलं. दुपारपर्यंत पोरीला ताप भरला. मग पाठीचं दुखणं छातीत आलं. श्वास घेताना तिच्या नाकपुड्या फुगायला लागल्या आणि ओठांचा रंग उतरला.

केशव पुन्हा फोन लावत होता. हर्षानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिनं पोरीला शालीत गुंडाळलं, गल्लीतून ऑटो आणला आणि शेजाऱ्याच्या मदतीनं मयुराला आत बसवलं. ऑटो सुरू झाला तेव्हा केशव धावत येऊन ड्रायव्हरच्या बाजूला टेकला. वाडीच्या नाक्यावर ट्रकांची रांग होती. त्या रांगेत उभं असताना मागून येणारा पोरीच्या श्वासाचा आवाज त्याला ऐकू येत होता, आणि तो थांबला की काय, असं वाटून तो दर थोड्या वेळानं मान वळवत होता.

दवाखान्यात मयुराला लगेच ऑक्सिजन लावला. छातीचा फोटो काढला. रक्त चढवावं लागेल म्हणाले. वॉर्डाच्या डॉक्टर वेदिका मॅडम, बारीक अंगाच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "रोजची गोळी चालू आहे ना?"

"हो," केशव म्हणाला.

हर्षानं मान वर केली. ती त्याच्याकडे पाहत राहिली. केशवला तिच्या नजरेला नजर देता येईना. तो भिंतीकडे पाहत म्हणाला, "नाई मॅडम. बंद केली. मी बंद केली. दिवाळीच्या खूप आधी."

आता आपल्याला सगळ्यांसमोर झापतील, या तयारीनं तो उभा होता. पण डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं, सिस्टरला काही सांगितलं, आणि पोरीला रक्त लागल्यावरच त्याच्याजवळ आल्या. का बंद केली ते विचारलं. त्यानं सांगितलं, कॅन्सर, नखं, मूल होण्याचं, सगळं.

"नखं काळी होतात, खरं आहे," त्या म्हणाल्या. "कॅन्सरमध्ये ही गोळी देतात, तेही खरं. पण त्यापुढचं त्यानं सांगितलं नाही. या गोळीनं रक्तात तान्ह्या बाळासारखं हिमोग्लोबिन वाढतं, मग पेशी कमी वाकतात. आम्ही कमी मात्रेत देतो आणि त्रास होतो का हे पाहायलाच दर महिन्याला रक्त बघतो."

"पण बंद केल्यावर ती चांगली होती, मॅडम. नाचली ती."

"गोळीचा असर एकदम जात नाही. हळूहळू उतरतो. ती नाचली ती त्या उरलेल्या गोळीवर."

केशव बाकावर बसला. ज्या नाचाचा त्यानं गावभर डंका पिटला होता, तो चूर्णाचा नव्हताच.

तो तसाच बसलेला असताना खिशातला फोन वाजला. सवयीनं त्यानं उचलला. बोलणारी म्हातारी बाई होती, रंभाबाई म्हणून, तुमसरच्या पुढच्या एका खेड्यातली. आईबाप कामाला परराज्यात, नातू तिच्याकडे. सौरव त्याचं नाव. तुमचं पाहून गोळी बंद केली भाऊ, ती सांगत होती, आता पोराले बारीक ताप येते अन् पोट जड झालं म्हणते. चूर्ण वाढवू का?

केशव बाकावरून उठला. "माय, चूर्ण देऊ नका," तो म्हणाला. "त्याले आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

"काहून? तुमची पोरगी तर बरी झाली ना. म्या पाह्यलं ना तिले नाचताना."

"माझी पोरगी आत आहे, माय. ऑक्सिजनवर आहे. माझं चुकलं."

मग ती दबक्या आवाजात म्हणाली, "डॉक्टरायनं धमकावलं का गा तुमाले?"

तो नाही, नाही म्हणत राहिला, पण फोन कट झाला होता. त्यानं पुन्हा लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तर बंद. एवढ्यात दुसऱ्याच कोणाचा फोन आला. त्यालाही त्यानं तेच सांगितलं. तो माणूस चिडला, आधी एक सांगता आणि आता एक सांगता, म्हणाला.

पुढचे दिवस केशव दोन ठिकाणी टांगलेला होता. डोळे मयुराच्या छातीवर, ती वरखाली होते का ते पाहत. आणि मन त्या न पाहिलेल्या पोरावर. किती लोकांशी आपण बोललो, हे त्याला आठवेना. नावं आठवत नव्हती, नुसते आवाज आठवत होते. त्यानं कोटवाल्याच्या माणसाला व्हिडिओ काढायला सांगितलं. तो आधी समजुतीनं बोलला, मग त्याचा फोन लागेनासा झाला. ॲपवर तक्रार केली, तर नियमात बसतं असं उत्तर आलं. व्हिडिओ चालूच राहिला. त्यात त्याची मुलगी गिरक्या घेत होती आणि खरी मुलगी नाकात नळी घालून पडली होती.

मयुराचा ऑक्सिजन निघाला त्या सकाळी हर्षानं चहाचा कप त्याच्या हातात दिला. ऑटोच्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

"मी आता नंबरच बदलतो," तो म्हणाला. "मले सहन होत नाई वं."

"बदला," हर्षा म्हणाली. "मग ते लोक कोणाले विचारतीन?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"ती म्हातारी फोन उचलून नाई राहिली ना? मग जाऊन या. इथं मी आहे."

त्यानं तुमसरची एसटी धरली. भंडारा ओलांडलं, दोन्ही बाजूंना धानाची कापलेली शेतं. पोहोचल्यावर काय दिसेल, या विचारानं त्याला खिडकीबाहेर पाहवत नव्हतं. तुमसरहून काळीपिवळी जीप करून तो गावात उतरला. सिकलवाला पोरगा कुठे राहतो, असं पानठेल्यावर विचारायला त्याची जीभ उचलेना, पण विचारलं. उत्तर देणारा माणूस कुठल्या काळात बोलतो, राहतो म्हणतो की राहत होता म्हणतो, इकडे त्याचे कान लागले होते. तो माणूस म्हणाला, राहतो, त्या बोरीच्या झाडामागे.

सौरव ओसरीत खाटेवर पडलेला होता. आठनऊ वर्षांचा असेल. डोळे हळदीसारखे, पोटाची डावी बाजू फुगलेली. रंभाबाईनं केशवला पाहताक्षणी ओळखलं, पाणी दिलं, आणि पाणी देताना विचारलं की पोरगी कशी आहे. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता संशय होता. तो समजावत राहिला आणि ती मान हलवत राहिली. ताप उतरतो, पुन्हा चढतो, चूर्णानंच उतरतो, असं तिचं म्हणणं. इतके दिवस केशवही असंच बोलत होता. तिला काय वाटतं आहे ते त्याला चांगलं कळत होतं, आणि म्हणूनच शब्द संपत होते.

शेवटी त्यानं हर्षाला व्हिडिओ कॉल लावला आणि मयुराला द्यायला सांगितलं. वॉर्डातली लोखंडी खाट दिसली, सुईचं बँडेज बांधलेला हात दिसला, आणि मग मयुराचा सुकलेला चेहरा. रंभाबाई फोन डोळ्यांजवळ धरून पाहत राहिली. नाचणारी पोरगी हीच, हे पटायला तिला वेळ लागला. मयुरानं आजीशी बोलण्याऐवजी पोराला मागितलं.

"पोटात डाव्या बाजूनं दुखते का तुले?" तिनं विचारलं.

सौरवनं मान हलवली.

"मले पण झालं होतं तसं, लहानपणी. तिथं गेल्यावर सुई टोचतात, पण दुखणं थांबते. जाय तू."

पोरगा आजीकडे वळला आणि म्हणाला, "जाऊ या."

त्याच काळीपिवळीनं ते तिघं परत निघाले, तुमसरहून ॲम्ब्युलन्सनं भंडाऱ्याला. रंभाबाईच्या पिशवीत चूर्णाचा डबा होताच, तो तिनं घरी ठेवला नाही. पोराची पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजली होती, त्यात रक्त अडकत होतं. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं तिथला डॉक्टर म्हणाला. केशव दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला. त्याला रडायचं होतं, पण पोरगा आत असेपर्यंत रडणंही अपशकुनी वाटत होतं. रक्त चढल्यावर पोराचे डोळे उघडले, त्यानं काहीतरी खायला मागितलं, तेव्हा कुठे केशव उठला आणि नागपूरची गाडी धरायला गेला. पोरगा वाचला. गोळी परत सुरू झाली. रंभाबाई चूर्णही थोडं थोडं देते, असं तिच्या बोलण्यावरून केशवला पुढे अनेक दिवस वाटत होतं.

मयुरा घरी आली. अंगात ताकद यायला होळी उजाडली. केशवनं दुसरा व्हिडिओ केला, आपलं चुकलं असं सांगणारा. माझा चेहरा आता कुठं दाखवू नका, असं मयुरा म्हणाली, म्हणून त्यात तो एकटाच होता. थोड्याच लोकांनी पाहिला. खाली कोणी लिहिलं की हा औषध कंपनीला विकला गेला. त्यानं तेही वाचलं आणि व्हिडिओ तसाच राहू दिला.

आता महिन्याच्या फेरीला तो स्वतः जातो. त्या दिवसाचा पगार कापला जातो, जाऊ दे म्हणतो. मूल होण्याचं त्यानं डॉक्टर वेदिकांना विचारलं, हर्षासमोर, लाज सोडून. त्यांनी घाई न करता सांगितलं. लग्नानंतर, मूल हवं असेल तेव्हा, ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं आधी थांबवतात. पुष्कळ बायकांना मुलं झाली आहेत. काही गोष्टी अजून आम्हालाही पूर्ण माहीत नाहीत, असंही त्या म्हणाल्या. ते शेवटचं वाक्य ऐकून घाबरायच्या ऐवजी केशवला जरा बरं वाटलं. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

फोन अजून येतात. पहिल्यापेक्षा कमी, पण येतात, कारण तो जुना व्हिडिओ कुठे ना कुठे फिरतच असतो. कोणी ऐकतात, कोणी शिव्या देतात. कोणी ऐकून घेतात आणि पुन्हा कधी फोन करत नाहीत, आणि त्यांचं काय झालं हे केशवला कळत नाही. मागे गडचिरोलीकडच्या एका बापाचा फोन आला, बोलता बोलता रेंज गेली. तेवढ्यात त्यानं आपल्या मुलीचं नाव सांगितलं होतं, जयवंता. केशवनं तो नंबर पुन्हा पुन्हा लावला. गोदामात गाडी लागली होती, हमाल खोळंबले होते, मालक हाका मारत होता. केशव फोन कानाला लावून दाराशी उभा होता आणि पलीकडे नुसती रिंग जात होती.